तिसऱ्या रविवारची मंडळी

भांडण पेटलं ते ड्रमवरून. लुथरन मंडळीच्या त्या दगडी चर्चमध्ये तरुण संघ म्हणून आता फक्त तिघं उरले होते, आणि त्या तिघांनी कमिटीपुढे अर्ज ठेवला होता की महिन्यातून एकदा तरी उपासनेत ऑर्गनऐवजी गिटार आणि ड्रम असावेत. अर्ज लिहिणारी सव्वीस वर्षांची मुलगी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची, म्हणून संघात तिला सगळे कवळीवाली म्हणत. आणि अर्ज कमिटीत वाचून दाखवणं ज्यांच्या नशिबी आलं ते सेक्रेटरी म्हणजे तिचे बाबा.

बाबांनी तो असा वाचला, जणू कुणीतरी चर्चच्या भिंतीवर शिवी खरडून गेलंय आणि ती त्यांना मोठ्याने म्हणावी लागतेय.

"उपासनेला क्रम असतो," कागद खाली ठेवत ते म्हणाले. "पापांची कबुली, क्षमा, वचन, उपदेश, प्रभुभोजन. यात हे धडाड-धूम कुठे बसवायचं? कबुलीच्या आधी की नंतर?"

"उपदेशाच्या मध्ये बसवा," संघातला वायरमन म्हणाला. "निदान लोक जागे तरी राहतील."

उपदेश करणारे पाळकसाहेब समोरच बसले होते. ते ओशाळं हसले. मग दोन म्हाताऱ्या सभासदांनी एकदम बोलायला सुरुवात केली, संघातल्या नर्सने आवाज चढवला, आणि शेवटी पाळकसाहेबांनीच टेबलावर थाप मारली.

"आपल्याच परिषदेच्या आणखी तीन मंडळ्या या शहरात आहेत. तिन्ही लुथरन, आणि तिन्हींची उपासनेची तऱ्हा निराळी. तुम्ही तिघं तीन रविवार जाऊन या. काय पाहिलं ते येऊन सांगा, मग ठरवू."

"चर्च म्हणजे काय खानावळ आहे," बाबा म्हणाले, "तीन ठिकाणचं चाखून बघायला?"

त्या दिवसापासून घरात बाबा तिच्याशी बोलायचे बंद झाले. काही सांगायचं असलं की ती समोर असतानाही आईला सांगत. "तुझ्या मुलीला म्हणावं, पंखा बंद कर." ती पंखा बंद करायची आणि आईला म्हणायची, "त्यांना म्हणावं, केला."

पहिल्या रविवारी तिघं गेले ते चर्च उंच छताचं होतं. तिथे प्रार्थनेची ओळन् ओळ गाऊन म्हणत. पाळक चार सुरांत एक वाक्य टाकायचे आणि अख्खी मंडळी पुस्तकातून मान वर न काढता त्याला उत्तर द्यायची. गाणं सुरेख होतं, इतकं की नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते पुसायच्या आत मागून एक बाई कुजबुजल्या, "इथे गुडघे टेकतात." तिघांनी घाईघाईने गुडघे टेकले, तर सगळे उभे राहत होते.

वायरमन बसला होता त्या बाकापाशी एक आजीबाई येऊन थांबल्या. "ही जागा माझ्या मालकांची आहे."

"येतायत का ते?"

"ते जाऊन नऊ वर्षं झाली."

वायरमन उठला आणि उरलेला वेळ खांबाला टेकून उभा राहिला. निघताना दारात पाळकांनी हात मिळवला आणि विचारलं, "दगडी चर्चमधून ना? तुमच्याकडे अजून बसूनच प्रार्थना करतात म्हणे." 'बसून' म्हणताना त्यांनी तोंड असं केलं, जणू बसून म्हणजे लोळून.

दुसऱ्या रविवारची मंडळी बॅडमिंटनच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरत होती. रंगीत दिवे, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर गाण्याचे शब्द आणि खाली पाच जणांचा बँड. वायरमन आत शिरताच खुलला. स्पीकर किती वॅटचे, वायरी कुठून नेल्यात, हेच बघत बसला. पण वीस मिनिटांनी त्याचाही चेहरा उतरला. माइकवाला तरुण दर गाण्यानंतर ओरडायचा, "ऐकू नाही आलं! स्वर्गात बसलेल्याला ऐकू गेलं पाहिजे!" आणि मग ते सगळं पुन्हा, आणखी जोरात.

कवळीवाली मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभी होती. माइकवाला खाली उतरला, रांगांमधून चालत आला, तिच्यापुढे थांबला आणि हसत हसत तिची दोन्ही मनगटं धरून त्याने तिचे हात वर केले. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सोडा," ती म्हणाली.

"मोकळी हो, ताई! त्याच्यासाठी मोकळी हो!"

"हात सोडा माझे!"

ते त्याच्या कानाला अडकवलेल्या माइकमध्ये गेलं. टाळ्या थांबल्या. माइकवाल्याने हात सोडले, आणि बँडकडे परत जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काही मनं अजून कुलूपबंद आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या." तिच्यासाठी प्रार्थना चालू असतानाच तिघं बाहेर पडले.

"मला ड्रम हवे होते," रस्त्यावर कान चोळत वायरमन म्हणाला. "मार नको होता."

तिसरी मंडळी कुठली ते त्याने फोनवर पाहिलं आणि वाचून दाखवलं. "कर्णबधिर मंडळी. टायरच्या दुकानावर, दुसरा मजला. चला, हे तरी शांत असणार."

"पुढच्या रविवारी मला जमायचं नाही," कवळीवाली म्हणाली.

नर्सला कारण ठाऊक होतं. लहानपणापासून दोघी एका गल्लीतल्या. कवळीवालीला एक भाऊ होता, तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. दोन वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. अठराव्या वर्षी तो घर सोडून गेला, त्याला आता पाच वर्षं झाली होती. एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर काम करतो, एवढंच घरच्यांना माहीत होतं. जाताना त्याने पाटीवर लिहून ठेवलं होतं की यापुढे चर्चची पायरी चढणार नाही.

"म्हणजे तो तिथे नसणारच," नर्स म्हणाली. "मग घाबरतेस कशाला?"

तिसऱ्या रविवारी ती गेली.

टायरच्या दुकानाशेजारून अरुंद लाकडी जिना वर जात होता. वर एक लांबट खोली, जुनी लाकडी जमीन, खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या अर्धवर्तुळात मांडलेल्या. पस्तीसेक माणसं होती आणि सगळ्यांचे हात चालू होते. एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्याशी निवांत गप्पा मारत होता, मधल्या कुणालाही त्याचा त्रास नव्हता. पण शांतता म्हणाल तर नव्हती. खुर्च्या सरकवल्या जात होत्या, पाय आपटले जात होते, हसणारे मोकळ्या घशाने हसत होते.

दारातच एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी पुढे आली. "तुम्ही ऐकणारे आहात ना? मी दुभाषी. माझे आईवडील बहिरे आहेत, मला ऐकू येतं. इथे कर्णबधिर वगैरे म्हणू नका, बहिरे म्हणा. आणि कडेला बसा. मध्ये बसलात तर लोकांना एकमेकांचं दिसत नाही."

तिघं कडेला बसले. कुणीतरी दिव्याचं बटण दोनदा बंद-चालू केलं आणि सगळे पुढे बघू लागले. पाळक पन्नाशीचे, स्वतः बहिरे, आधी सुतारकाम करणारे. त्यांच्या शेजारी एक तरुण येऊन उभा राहिला. रुंद खांदे, करड्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

कवळीवालीने खुर्चीची कड धरली. तो तिचा भाऊ होता.

त्यानेही तिला पाहिलं. क्षणभर त्याचे हात हवेतच राहिले. मग त्याने नजर तिच्यावरून अशी पुढे नेली, जशी रिकाम्या खुर्चीवरून नेतात, आणि कबुलीला सुरुवात केली.

पापांची कबुली तीच होती, ती लहानपणापासून म्हणत आली होती ती. दुभाषी मुलगी हळू आवाजात शब्द सांगत होती आणि शब्दन् शब्द तिच्या ओळखीचा होता. पण इथे कुणीही मान खाली घातली नव्हती, डोळे मिटले नव्हते. डोळे मिटले तर प्रार्थना दिसणार कशी? पस्तीस माणसं एकमेकांकडे बघत, उघड्या डोळ्यांनी, हातांनी सांगत होती की आम्ही चुकलो. दगडी चर्चमध्ये खाली बघून पुटपुटायला कधी काही वाटलं नव्हतं. इथे तिला बघवेना.

गाण्याच्या वेळी एका बाईने जमिनीवर ठेवलेला मोठा ढोल वाजवायला घेतला. ठोका लाकडातून तळपायात शिरत होता आणि त्या तालावर सगळे हात एकदम उठत, एकदम वळत. वायरमन आ वासून बघत राहिला. उपदेशात तर मधूनच एक म्हातारा उठला आणि पाळकांशी वाद घालू लागला. पाळकांनी त्याला गप्प बसवलं नाही, उत्तर दिलं. म्हाताऱ्याला ते पटलं नाही. तो तसाच कुरकुरत बसला आणि उपदेश पुढे गेला.

मग प्रभुभोजन आलं. पाहुणे एकाच परिषदेचे, त्यामुळे तिघांनाही बोलावणं होतं. सगळे गोल करून उभे राहिले. पाळकांच्या एका हातात भाकरीची थाळी, दुसऱ्या हाताने ते तुकडा देत. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून शब्द सांगायचे त्यांच्या शेजारी चालणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने. प्रत्येकापुढे थांबून तो हातांनी सांगत होता: ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं. 'तुझ्यासाठी' म्हणताना बोट समोरच्याच्या छातीपर्यंत यायचं. वायरमनला सांगितलं. नर्सला सांगितलं.

कवळीवालीपुढे आल्यावर त्याने हात खाली सोडले.

पाळकांनी तुकडा उचलला होता. त्यांनी तो दिला नाही, आणि पुढेही सरकले नाहीत. ते धाकट्याकडे बघत उभे राहिले. गोलातल्या सगळ्यांना ते दिसत होतं. त्या खोलीत न दिसणारं काही नव्हतंच. कुणी खोकलं. खालून टायरमध्ये हवा भरायच्या मशीनचा फुसकारा आला. कवळीवालीला वाटलं, आपणच मागे व्हावं, पण तिने पुढे केलेला हात तसाच ठेवला.

शेवटी धाकट्याने हात उचलले आणि अंगावर काहीतरी फेकावं तसे ते शब्द फेकले. बोट तिच्या छातीला टोचलं. पाळकांनी तुकडा तिच्या हातावर ठेवला.

उपासना संपली तसा तो खुर्च्या गोळा करू लागला. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि, घरी शिकवलं होतं तसं, ओठ मोठे करत म्हणाली, "कसा आहेस?"

त्याने खुर्ची आपटली. दुभाषी मुलीकडे पाहून बोटाने तिला जवळ बोलावलं. मग तो बोलू लागला, आणि त्या परक्या मुलीच्या कोवळ्या आवाजात कवळीवालीने पहिल्यांदा आपल्या भावाचं बोलणं ऐकलं.

"तोंड वेंगाडू नकोस. मी ओठ वाचत नाही आता. मला वाचता येतात, पण मी वाचत नाही. काय बघायला आलीस? तुम्ही मंडळ्या बघत फिरताय, पाळकांनी सांगितलंय. मागच्या रविवारी कुठे गेला होतात? त्याच्या मागच्या रविवारी? आज बहिऱ्यांचा नंबर का?"

"तू इथे असशील हे मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर आली नसतीस. तेही मला माहीत आहे."

"आई रोज तुझी आठवण..."

"आईचं नाव काढू नकोस. आई पुढे गायनमंडळीत उभी असायची, बाबा वचन वाचायचे. माझ्या शेजारी कोण बसायचं?"

दुभाषी मुलगी थांबली; ती काहीशी भेदरली होती. धाकट्याने तिला खुणेने सांगितलं, पुढे बोल.

"मी सहा वर्षांचा होतो. माझ्या शेजारी तू बसायचीस. मी हात हलवला की तू माझे दोन्ही हात धरून मांडीवर दाबून ठेवायचीस. दर रविवारी, पूर्ण उपासनाभर. मला बोलायला शिकवणारी ती बाई म्हणाली होती ना, हातवारे करू दिले तर पोरगं कधी बोलणार नाही. एकदा मी हात सोडवून घेतला तर तू चिमटा काढलास. मी ओरडलो, तर सगळं चर्च माझ्याकडे वळलं. बाबांनी घरी नेऊन कुणाला मारलं?"

"मी नऊ वर्षांची होते रे," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं तसं मी केलं."

दुभाषीने ते हातांनी सांगितलं. धाकट्याने उत्तर दिलं तेव्हा त्याचे हात अगदी लहान चालले, आवाज खाली आणावा तसे.

"नऊ वर्षांची होतीस तेव्हा. चौदाची झालीस तेव्हा? अठराची? माझी भाषा शिकायला कुणी धरून ठेवलं होतं तुझे हात?"

एवढं बोलून त्याने पाठ फिरवली. ऐकणाऱ्या माणसाने पाठ फिरवली तर त्याच्या पाठीशी बोलता येतं. इथे ते संपलंच.

जिन्यापाशी पाळक उभे होते. त्यांनी दुभाषीमार्फत एवढंच सांगितलं, "भाकरीच्या वेळचे शब्द त्याचे नव्हते, म्हणून अडवायचा हक्कही त्याला नव्हता. बाकीचं त्याचं आहे. त्यात मी पडणार नाही."

घरी तिने सगळं सांगितलं. आई भांडी घासत होती. नळ तसाच वाहत राहिला. "जाड झालाय का? जेवतो ना नीट?" एवढंच तिने विचारलं. मग रडत नाही म्हणत रडली. "मी काय वाईट केलं गं? बोलावं पोराने, चार लोकांत उभं राहावं, एवढंच तर वाटत होतं."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा बाबा थेट तिच्याशी बोलले. "हे कमिटीत बोलायचं नाही. घरातलं घरात."

ती कमिटीत बोलली. वायरमनने बँडबद्दल सांगितलं, नर्सने गाऊन म्हणायच्या प्रार्थनेबद्दल, आणि ती उभी राहून म्हणाली, "याच चर्चच्या दुसऱ्या बाकावर मी माझ्या भावाचे हात बारा वर्षं दाबून धरत होते, आणि तुम्ही सगळे ते बघत होता. दारात निघताना माझं कौतुक करायचात, किती गुणी बहीण म्हणून."

बाबा इतिवृत्ताची वही मिटून उठले आणि निघून गेले. एक म्हातारे सभासद घसा साफ करून म्हणाले, "ते ठीक आहे, पण ड्रमचं काय ठरवायचं?" मत घेतलं. दर महिन्याचा पहिला रविवार मंजूर झाला. वायरमन ड्रम वाजवू लागला, तेवढा वेळ बाबा बाहेर व्हरांड्यात जाऊन बसू लागले आणि उपदेशाला आत येऊ लागले. कुणीच खूश नव्हतं.

कवळीवालीने ते ड्रम ऐकले नाहीत. ती आता दर रविवारी टायरच्या दुकानावर जायची. तिथेही तिचं कुणी स्वागत केलं नाही. ऐकणारे येतात, दोन महिने डोळे पाणावून बसतात आणि दिसेनासे होतात, हे त्या लोकांनी पुष्कळदा पाहिलं होतं. दुभाषीची आई शिवणकाम करायची. तिने मात्र आठवड्यातून तीन संध्याकाळी तिला शिकवायचं कबूल केलं. ती बाई कडक होती. हात चुकला की फूटपट्टीने टेबलावर मारायची, आवाजासाठी नाही, टेबल हादरावं म्हणून. दिवसभर मेणात दात बसवणारी बोटं संध्याकाळी शब्दांवर अडखळायची.

धाकटा तिच्याशी बोलत नसे. तिच्या हातून खूण चुकली तर लांबून तोंड फिरवायचा. एकदा तिने धीर करून, शिकलेलं जोडून, त्याला सांगितलं, "मी चुकले." त्याने पूर्ण पाहिलं. मग तिच्या मुठीकडे बोट करून सांगितलं, "अंगठा आत नाही, बाहेर." आणि निघून गेला. आईला घेऊन येऊ का, असं तिने दुभाषीकडून विचारलं, तर निरोप आला: ती आली तर मी मागच्या जिन्याने जाईन. आई आली नाही.

असे चार महिने गेले. एका रविवारी दुभाषीला ताप होता. ढोलावर दुसरं गाणं चालू असताना दार धाडकन उघडून टायरवाला आत आला. जागा त्याचीच होती. डोक्यावर, खांद्यावर पांढरी भुकटी पडलेली. तो मधोमध येऊन ओरडू लागला. कुणी वळलं नाही, कारण सगळे ढोलवाल्या बाईकडे बघत होते, तेव्हा त्याने जाऊन ढोलालाच लाथ मारली.

ठोका थांबला. सगळे उठले. तो बोलत होता आणि त्याचं ऐकू शकणारी त्या खोलीत एकच व्यक्ती होती.

"मुक्या जनावरांनो! वर तुम्ही नाचता आणि खाली गिऱ्हाइकाच्या टाळक्यात छत पडतं! बहिरे म्हणून जागा दिली, म्हटलं आवाज नाही व्हायचा, तर रेड्यांचा कळप बरा!"

सगळ्यांचे डोळे कवळीवालीकडे वळले. ती पुढे झाली. तिने सांगितलं, "छताचा चुना पडतो म्हणतायत. ढोल हळू वाजवा म्हणतायत."

धाकटा पुढे आला. त्याने ओठ वाचणं सोडलं होतं, विसरला नव्हता.

"गोड करू नकोस," त्याने हातांनी बजावलं. "तो बोलला ते सांग. सगळं. त्याचा शब्द गिळायचा हक्क तुला कुणी दिला?"

तिने सांगितलं. जनावरं सांगितलं, मुकी सांगितलं. रेडा कसा दाखवायचा ते येत नव्हतं, तर डोक्याला दोन शिंगं करून दाखवली. मागे कुणीतरी फस्सकन हसलं. धाकटा हसला नाही. तो टायरवाल्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत बघत सावकाश, तिला कळावं इतकं सावकाश, बोलू लागला.

कवळीवालीने आवाज काढला. आधी तो चिरका निघाला, मग तिने पोटातून काढला.

"करारात लिहिलंय, रविवारी दहा ते एक ही जागा आमची. ढोल आहे हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चुना पडतो कारण तू आठ वर्षांत छताला हात लावला नाहीस. दिवसभर टायरमध्ये हवा भरतोस, ती उरलेली सगळी तुझ्या डोक्यात गेलीय. तू आता ज्याला लाथ मारलीस त्याच्यावर आम्ही प्रार्थना करतो. जनावर म्हणालास त्याची माफी माग. नाही मागायची तर चालता हो!"

शेवटचे शब्द जिन्याखालपर्यंत गेले असावेत. दुकानातला पोऱ्या वाकून वर बघायला लागला होता. टायरवाल्याने तिच्याकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. "तू तर बोलतेस की," तो तिला म्हणाला. "मग तुझी अक्कल कुठे गेली, यांच्यात बसायला?"

तिने तेही सांगितलं, काही न गाळता.

माफी त्याने मागितली नाही. जाताना दार आपटून गेला. पाळकांनी ढोल सरळ करून ठेवला, चामडं चाचपून पाहिलं आणि गाणं पहिल्यापासून घ्यायला सांगितलं.

नंतर खुर्च्या गोळा करताना धाकटा तिच्यापाशी आला. "मोठा होता का, तुझा आवाज?" त्याने विचारलं.

"खूप."

"बाबांपेक्षा?"

तिने विचार केला. "बाबांपेक्षाही."

त्याने मान हलवली आणि दुसऱ्या रांगेच्या खुर्च्या उचलायला गेला.

त्या आठवड्यातच जागा सोडायची नोटीस आली. मंडळीने नवी जागा शोधायचं काम धाकट्यावर टाकलं, आणि दुभाषीची परीक्षा होती म्हणून कवळीवालीला त्याच्याबरोबर जावं लागलं. कामावरून सुटल्यावर दोघं दारोदार फिरू लागले. मालक तिच्याकडे बघून विचारायचे, "याला काय झालंय?" पहिल्या दोन ठिकाणी ती सांगत बसली. तिसऱ्या ठिकाणी धाकट्याने तिच्यापुढे हात आडवा धरला, तेव्हापासून ती म्हणू लागली, "त्यालाच विचारा." त्यावर निम्म्या मालकांनी दार लावून घेतलं. परतताना दोघं रस्त्यात उभं राहून भांडायची. बस गेली तरी भांडायची. लोक वळून बघत, आणि आपल्याकडे बघतायत हे तिच्या फार उशिरा लक्षात यायचं.

सातवी जागा म्हणजे नाचाचा बंद पडलेला क्लास होता. लाकडी जमीन, आणि एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसे.

"उपासनेत लोक स्वतःलाच बघत बसतील," ती म्हणाली. "दुसरी बघू."

"पाठीमागचा माणूस काय म्हणतोय ते आम्हाला कधी दिसत नाही," तो म्हणाला. "इथे दिसेल. हीच."

"आधी पाळकांना विचारू."

"तू ऐकणारी आहेस. तुला नाही कळायचं. हीच."

तीच जागा ठरली. पहिल्या रविवारी सगळी मंडळी आरशासमोर अर्धवर्तुळात बसली, आणि पाळकांनी त्या दिवशी पहिल्यांदा कवळीवालीला वचन वाचायला पुढे बोलावलं. धाकटा तिच्याशेजारी बसला नव्हता, पार मागच्या खुर्चीत होता. ती हातांनी वाचू लागली तसा मागून त्याचा हात वर आला, आणि पुढे बसलेल्या सगळ्यांना तो आरशात दिसला. चूक. तिने दुरुस्त केलं. पुढच्या ओळीला पुन्हा हात आला. ते वचन चौदा ओळींचं होतं. त्याने तिला नऊ वेळा थांबवलं, आणि दर वेळी बरोबर होईपर्यंत पुढे जाऊ दिलं नाही.